आर्ची इथं बसली होती

टेंभुर्णीला कोणी येत नाही, टेंभुर्णीवरून जातात. पंढरपूरवाले जातात, अकलूजवाले जातात, बार्शी-लातूरकडचे कुर्डुवाडीच्या रस्त्याला लागतात, करमाळ्याकडचे जेऊरच्या, आणि उरलेली सगळी दुनिया पुणे-सोलापूर हायवेनं सुसाट निघून जाते. पाहुण्याचा आणि आमचा संबंध एक कट चहा आणि लघुशंका एवढाच. त्यामुळे पर्यटन म्हणजे दुसऱ्यांनी टोप्या घालून करायची गोष्ट, अशी आमची पिढ्यान् पिढ्यांची समजूत होती.

29 एप्रिल 2016 ला ‘सैराट’ सिनेमा आला आणि त्याचं शूटिंग झालेल्या शेजारच्या करमाळा तालुक्याचं रातोरात स्वित्झर्लंड झालं. तोवर करमाळा म्हणजे सोयरिकीच्या बैठकीला जायचं आणि सुपारी फुटली की परत यायचं ठिकाण. आता पुण्या-मुंबईची माणसं तिथल्या माळरानावर उभी राहून, दोन्ही हात पसरून फोटो काढू लागली. ज्या माळावर आम्ही उन्हाच्या भीतीनं कधी गाडी थांबवली नाही, तिथं लोक उन्हासाठीच थांबायला लागले. दिग्दर्शक नागराज मंजुळे जेऊरचे, आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची. आता नकाशा काढून बघा, जेऊरहून अकलूजला जायचं तर वाट कुठून? टेंभुर्णीवरून. सिनेमाच्या इतिहासातही आमच्या नशिबी वरून जाणंच.

पण गावातल्या एका क्रूझरवाल्याच्या डोक्यात चमकलं. लग्नाचा हंगाम सरला की गाडी दारात उभी असायची. त्यानं फ्लेक्स लावला : ‘सैराट शूटिंग पॉइंट, कमलाभवानी दर्शन व ऐतिहासिक परांडा किल्ला. एक दिवस. नाष्टा, जेवण, गाइडसह.’ किल्ला कशाला घातला म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, “आवं, नुसतं शूटिंग लिवलं तर घरची म्हातारी माणसं सुनंला सोडत न्हाईत. देव टाकला की म्हातारी सुदिक येती, किल्ला टाकला की मास्तर येतोय.” व्यवसाय प्रशासनाची पदवी घेतलेल्या माणसाला हे एका वाक्यात सांगता आलं नसतं.

त्याचं म्हणणं खरंच ठरलं. आमच्या हिच्या भिशीतल्या बायका आर्चीसाठी आल्या. शेजारच्या आक्का देवीसाठी आल्या, खणा-नारळाची पिशवी घेऊन. इतिहासाचे निवृत्त सर परांड्यासाठी आले. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात हयात घालवलेले तात्या कशासाठी आले ते त्यांनी सांगितलं नाही, पण वाटभर ते गाडीच्या इंजिनाचा आवाज ऐकत होते आणि मान हलवत होते. क्रूझरमध्ये किती माणसं बसतात हे आरटीओच्या कागदावर छापलेलं असतं. ते तिथंच बरं दिसतं.

गाइड म्हणजे मालकाचा भाचा. त्याची पात्रता एकच, तो स्वतः ‘सैराट’मध्ये होता. “गर्दीत. दुसऱ्या रांगंत. निळा शर्ट.” हे ऐकून बायकांनी त्याला पुढच्या सीटवर जागा दिली. पुढं दिवसभरात चहावाला, पंक्चरवाला आणि एक मेंढपाळ, तिघंही त्याच गर्दीत दुसऱ्या रांगेत उभे होते असं कळलं. पहिल्या रांगेत कोण होतं ते आजतागायत कळलेलं नाही. मला प्रश्न पडला तो वेगळाच : अख्खा तालुका जर पडद्यावर उभा होता, तर थिएटरात तिकीट काढून शंभर कोटींच्या घरात धंदा करून दिला कुणी?

पहिला पॉइंट झाडाचा. ज्या वाळक्या झाडाच्या फांदीवर आर्ची-परशा बसले होते, ते. गाडी थांबली, सगळे उतरले, आक्कांनी डोळ्यांवर हात धरून नीट बघितलं आणि म्हणाल्या, “आरं पोरा, पिच्चरमधी झाड वाळल्यालं हुतं. ह्याला तर पानं हायती की.”

गाइड जराही डगमगला नाही. “पिच्चरनंतर फुटलीत, आक्का.”

एवढ्यावर आक्कांचं समाधान झालं. उलट त्यांनी झाडाला हात लावून नमस्कार केला. थोड्या अंतरावर दुसऱ्या झाडाखाली दुसरी गाडी थांबली होती आणि तिथला गाइडही फांदीकडं बोट दाखवत होता. दोन्हीकडचे लोक एकमेकांकडं कीव आल्यासारखं बघत राहिले. मी या बाबतीत गाइडच्या बाजूचा आहे. माणूस दोनशे किलोमीटरवरून झाड बघायला आला तर त्याला झाड दाखवणं हा साधा माणुसकीचा भाग आहे.

करमाळ्याच्या कमलाभवानीला मात्र फसवाफसवीची गरज पडत नाही. राव रंभा निंबाळकरांच्या घराण्यानं अठराव्या शतकात बांधलेलं हे देऊळ. तुळजाभवानीचंच हे दुसरं ठाणं, अशी इकडं श्रद्धा. दक्षिणेकडच्या धाटणीची गोपुरं, उंचच उंच दीपमाळा, आणि जवळच बारव, हत्ती पायऱ्या उतरून जाईल एवढी मोठी. इथल्या बांधणीत 96 या आकड्याचं फार माहात्म्य. देवळाचे खांब 96, बारवेच्या पायऱ्या 96. सरांनी हे सांगताच तात्यांनी पायऱ्या मोजायला घेतल्या. निम्म्यात दम लागून बसले, पुन्हा सुरू केलं तेव्हा कुठून सोडलं ते आठवेना. मग वर येऊन म्हणाले, “बरोबर आहेत.” सर्टिफिकेट देणाऱ्या सरकारी माणसाची सवय.

बारवेत गाइडला पुन्हा कंठ फुटला. इथं कॅमेरा होता, इथं ती उतरली, इथं तो बघत होता. सर मध्येच निंबाळकरांचं घराणं, मोगलाई, जहागीर वगैरे सांगू पाहत होते. बायकांनी त्यांना गप्प केलं नाही, फक्त मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, “सर, तुम्ही जरा आमचा व्हिडिओ काढा.” इतिहासाची आपल्याकडची जागा इतक्या नेमकेपणानं कुणी दाखवली असेल असं वाटत नाही.

हे फक्त करमाळ्याचं नाही. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. पेशवाईचा सगळा कागदी कारभार ज्याच्या डोक्यात होता त्या माणसाचा. मागं कृष्णेचा घाट, देऊळ आणि तिथं टांगलेली एक भलीमोठी पोर्तुगीज घंटा. 1739 ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली त्या मोहिमेतली. एवढी घंटा वसईहून कृष्णाकाठी आणणं ही काय चेष्टा आहे? पण घाटावर पाऊल ठेवलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, “शाहरुख कुठं बसला होता?” कारण 2004 च्या ‘स्वदेस’मधलं गाव तिथलं. नानांनी साडेतीन शहाण्यांत नंबर लावला, पण तिकीटबारीवर त्यांचा इलाज चालला नाही.

सिनेमा निदान एकदा येऊन जातो, मालिका रोज रात्री येते. सिंधुदुर्गात आकेरीला ‘रात्रीस खेळ चाले’चा वाडा. बघायला आलेली माणसं दारात उभं राहून अण्णा घरात आहेत का, शेवंता येते का, असं विचारतात म्हणे. कोल्हापूरजवळच्या वसगडेमध्ये ‘तुझ्यात जीव रंगला’मधल्या राणादाला बघायला एवढी रीघ लागली की गावाला आपल्याच गल्लीतून चालणं मुश्कील झालं. आमच्या भिशीचं पुढच्या वर्षीचं ठिकाण अर्थातच यांतलं एक आहे. आमच्या हिला मी विचारलं, “मालिका तर कधीच संपली, आता तिथं काय बघणार?” ती म्हणाली, “रायगडावर तरी आता कोण राहतंय? जाताच ना?” यावर मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी चहा मागितला.

आणि रायगडाचं म्हणाल तर तोही आता दोन ठिकाणी आहे. एक महाडजवळ, सह्याद्रीत. दुसरा नितीन देसाईंनी कर्जतला स्टुडिओ काढून प्लॅस्टर-प्लायवुडमध्ये उभा केला. ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेचे सेट तिथलेच, ‘जोधा अकबर’चा आग्र्याचा किल्लाही तिथलाच. तिथं तिकीट काढून गेलेल्या एका मेहुण्यानं मला सांगितलं, “खऱ्यापेक्षा बरा आहे. दरवाजे शाबूत आहेत, आणि चढ नाही.”

साहेबाच्या देशातही वेगळं नाही बरं का. स्कॉटलंडमध्ये डून नावाचा चौदाव्या शतकातला किल्ला आहे. 1974 ला तिथं ‘मॉन्टी पायथन’ मंडळींनी विनोदी सिनेमा काढला. त्यात घोड्यांना पैसे नव्हते म्हणून नट नारळाच्या करवंट्या एकमेकींवर आपटून टापांचा आवाज काढत चालतात. तेव्हापासून लोक त्या किल्ल्यात जाऊन करवंट्या वाजवतात. किल्ल्यावरच मिळतात वाजवायला. पुढं ‘गेम ऑफ थ्रोन्स’वाले आले, ‘आउटलँडर’वाले आले. ज्या उमरावानं तो बांधला त्याचं नाव विचारणारे थोडे, करवंट्या मागणारे फार. हे मी आक्कांना सांगितलं तेव्हा त्यांना फक्त एवढंच वाईट वाटलं की नारळ फोडून तिथं देवाला वाढवत नाहीत.

जेवण उरकून, दुपारच्या तापात आम्ही परांड्याला पोचलो. आणि इथं सहलीचा कणा मोडला.

“इथं कुठलं शूटिंग झालं?” पहिला प्रश्न.

“न्हाई झालं,” गाइड म्हणाला. दिवसभरातलं त्याचं हे पहिलं खरं वाक्य असावं, आणि त्यानंच घात केला. निम्मी गाडी खाली उतरेना. सर एकटे खंदकाच्या कडेला उभे राहून बोलत होते, आणि काय बोलत होते! हा भुईकोट. अहमदनगर पडल्यावर मलिक अंबरानं निजामशाहीची गादी सावरली ती इथं, म्हणजे काही काळ हे राजधानीचं गाव. विजापूरची मुलूख-मैदान तोफ आज ज्याच्या त्याच्या तोंडी असते, पण ती ओतली गेली अहमदनगरला, 1549 मध्ये, आणि विजापूरला जायच्या आधी होती इथं परांड्यात. विजापूरच्या मुरार जगदेवानं ती 1632 मध्ये नेली. पंचावन्न टनांची तोफ. त्या काळी. बैल आणि हत्ती लावून.

“आमच्या हिते एवढा ऊस हाय, पन पंचावन्न टन ट्रॅक्टरला जोडलं तर फाट्यावर पलटी हुईल,” क्रूझरवाला म्हणाला. एवढाच त्याचा इतिहासात सहभाग.

गाडीतून मात्र कोणी हलेना. मालकानं भाच्याकडं बघितलं. भाच्यानं खिडकीतून आत डोकं घातलं आणि हळूच सांगितलं, “बाहेर बोलू नका, पर हितं एका वेबसिरीजचं शूटिंग व्हनार हाय. जागा बघून गेलीत मान्सं.”

पुढच्या मिनिटाला गाडीत फक्त पिशव्या राहिल्या होत्या.

हिरॉइन कुठं उभी राहणार? या बुरुजावर. व्हिलन कुठून येणार? या दोन तटांच्या मधल्या वाटेनं. विहीर आहे का? आहे. मशीद दाखवली, तिचे दगडी खांब जुन्या देवळाच्या घडणीचे आहेत हेही दाखवलं. हमाम बघितला. नृसिंहाचं देऊळ बघितलं, आक्कांची पिशवी तिथं रिकामी झाली. बुरुजावरच्या तोफांपाशी तात्यांनी पहिल्यांदा मोकळेपणानं तोंड उघडलं. पंचधातूच्या त्या लांबच लांब नळीवरून हात फिरवत ते म्हणाले, “हे कास्टिंग बघा. फुगा नाही, तडा नाही. एवढा धातू एकसारखा वितळवायचा म्हणजे भट्टी किती लागल? लेथ नव्हती, क्रेन नव्हती. आमच्या वर्कशॉपात साहेबानं मागितलं असतं तर आम्ही टेंडर काढलं असतं.” तात्या तोफेपाशी एवढे रमले की शेवटी त्यांना हात धरून खाली आणावं लागलं. सर काही तरी सांगायला लागले तर बायका म्हणाल्या, “थांबा सर, तात्यांना बोलू द्या.”

परांड्याचा किल्ला त्या दिवशी जितका कसून बघितला गेला तितका शाळेच्या सहलीतही कधी बघितला जात नाही. आणि तो बघितला गेला एका न झालेल्या, न होणाऱ्या शूटिंगच्या जोरावर. सरांना मी परतताना विचारलं, हे तुम्हाला चालतं का? ते म्हणाले, “मी सदतीस वर्षं खरं सांगितलं. पोरं झोपायची.”

परतीला कुर्डुवाडीत चहा झाला, तात्यांनी आपलं वर्कशॉप बाहेरून दाखवलं, त्याचाही कुणीतरी फोटो काढला. अंधारात टेंभुर्णी आली. क्रूझरवाला पुढचा फ्लेक्स बनवायच्या बेतात आहे आणि माझं त्याला एकच सांगणं चालू आहे. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी सदाशिवपंत माणकेश्वर, त्यांची जहागीर टेंभुर्णी. त्यांची गढी आमच्या गावात आहे, क्रूझर काढायचीही गरज नाही. पुढं हायवेनं सोलापूरकडं निघालं की शेटफळवरून वळून आष्टी लागते. फेब्रुवारी 1818 मध्ये बापू गोखले लढता लढता पडले ते तिथं, आणि पेशवाईचा खेळ संपला तोही जवळजवळ तिथंच. आष्टीला शूटिंग पॉइंट नाही, त्यामुळे आष्टीला गर्दी नाही. माणकेश्वरांवर मालिका नाही, म्हणून गढीला फ्लेक्स नाही. खरं तर मालिकेला लागणारं सगळं त्यांच्या चरित्रात आहे : दरबारातलं वजन, त्र्यंबकजी डेंगळ्यांशी चुरस, इंग्रजांशी बोलणी, वर चढणं आणि बाजूला पडणं. सासू-सून तेवढी लेखकानं घालावी, आमची हरकत नाही.

तेव्हा मालिका काढणाऱ्या मंडळींना विनंती, पुण्याहून सोलापूरकडं जाताना कधी टेंभुर्णीला चहाला थांबलात तर ड्रायव्हरला गाडी गावात घालायला सांगा. एखादा सीन घ्या. तो कापून टाकला तरी चालेल, पुढचं आम्ही बघतो. दुसऱ्या रांगेतला निळा शर्टवाला तयारच आहे.