सॉरी म्हणू नये

गाडी रिव्हर्समध्ये होती आणि मेव्हणा शेजारच्या सीटवर. ‘येऊ द्या, येऊ द्या’ असं तोच म्हणत होता, हे आधीच नोंदवून ठेवतो. मागे तळमजल्यावरचे नाना स्कूटरला भाजीची पिशवी अडकवत होते. ‘कट्’ असा आवाज झाला. नाना वेळेवर बाजूला झाले, स्कूटर झाली नाही. आरसा फुटला, टोमॅटो माझ्या गाडीखाली गेले. मी धावत उतरलो आणि एकदा नाही, तीनदा म्हणालो, “सॉरी, सॉरी, सॉरी नाना!”

मेव्हणा दिवाणी वकील. त्याने दंडाला धरून मला बाजूला घेतलं.

“दाजी, कबुली देऊन बसलात! विम्याचा कागद वाचलाय का कधी? कंपनीच्या लेखी संमतीशिवाय काही कबूल करायचं नाही, अशी अट असते त्यात.”

“मग नानांना हातसुद्धा द्यायचा नाही?”

“द्या की. तोंड बंद ठेवून द्या.”

कायदा मेव्हण्याइतका कडक नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम आला, पण कबुली म्हणजे निर्णायक पुरावा नव्हे, हे दोन्हींकडे सारखंच. कबुली तुमच्यावर उलटू शकते, तशी ती चुकीची होती हेही दाखवता येतं. मात्र सॉरी म्हणणाऱ्याला पदराखाली घेणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने तो १९८६ मध्ये केला. तिथल्या एका सिनेटरची मुलगी सायकलवर असताना मोटारीच्या धडकेने गेली. चालवणारा कधी दुःख व्यक्त करायलाही आला नाही. आलो तर तेच कोर्टात आपल्याविरुद्ध वापरतील, ही धास्ती. त्या बापाच्या खटपटीतून असं ठरलं की अपघातग्रस्ताबद्दलची सहानुभूती हा दोषाचा पुरावा धरायचा नाही. पण फक्त सहानुभूती. ‘तुमच्या दुःखाने वाईट वाटलं’ याला संरक्षण. ‘चूक माझी’ असं पुढे जोडलंत, तर ते तुमचं तुम्ही बघा.

इथे मला आपल्या भाषेचं कौतुक वाटलं. इंग्रजीतलं सॉरी मयताला गेल्यावरही चालतं आणि पायावर पाय पडल्यावरही. त्यातलं दुःख कुठलं नि दोष कुठला, हे निवडायला त्यांना विधिमंडळ बसवावं लागलं. आपल्याकडे ‘अरेरे, फार लागलं का हो?’ वेगळं आणि ‘चुकलं माझं’ वेगळं. आजीने दोन्हींची कधी गल्लत केली नाही. आपणच ते सॉरी उसनं आणलं आणि त्यासोबत वकीलही.

कॅनडातल्या ओंटारिओने २००९ मध्ये आणखी मोठं मन दाखवलं. तिथे चूक कबूल करणारी माफीसुद्धा दिवाणी दाव्यात दोषाचा पुरावा होत नाही आणि त्यापायी विमाही बुडत नाही. (कॅनडात ज्याच्या पायावर पाय पडतो तोच सॉरी म्हणतो, अशी तिकडचीच थट्टा आहे. त्यांना हा कायदा लागणारच होता.) आशियात पहिला मान हाँगकाँगने २०१७ मध्ये घेतला. आपण रांगेतसुद्धा नाही. निदान दवाखान्यांपुरता तरी असा कायदा हवा, असं माझं मत आहे. पेशंट गेल्यावर नातेवाइकांना पैशांआधी कुणीतरी समोर येऊन बोलायला हवं असतं, आणि नेमकं तेव्हाच सगळे कॅबिनमध्ये असतात.

इकडे नाना शांतपणे आमची कुजबुज ऐकत होते. शेवटी म्हणाले, “तुझं ते सॉरी असू दे रे. टोमॅटो कोण काढणार?”

मेव्हणा इस्त्रीच्या पँटीनिशी गाडीखाली वाकला.

आरसा ३४० रुपयांना बसला. पैसे देताना ‘हक्क अबाधित ठेवून’ असं पावतीवर लिहून घ्या, हा मेव्हण्याचा आग्रह मी मानला नाही. टोमॅटोचे ३० रुपये वेगळे दिले.