40 टक्के सड्यावर

विद्यापीठ अनुदान आयोगाने मे 2021मध्ये महाविद्यालयांसाठी मिश्र शिक्षणाचा मसुदा काढला. प्रत्येक विषयाचा 40 टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाईन शिकवावा, उरलेला वर्गात, अशी ती योजना. हरकती आणि सूचना 6 जूनपर्यंत मागवल्या होत्या. त्याच मे महिन्याच्या मध्यावर तौक्ते वादळ मालवण-देवगडच्या किनाऱ्याला घासून गेले होते. विजेचे खांब आडवे, खांबांवर माड आडवे आणि मोबाईलचे टॉवर मुके. त्यामुळे मालवण तालुक्यातून मसुद्यावर फारशा हरकती गेल्या नसाव्यात. दिल्लीत त्याचा अर्थ ‘कोकणची पूर्ण संमती’ असा लावला गेला असेल, तर त्यांचाही दोष नाही.

खरे तर सिंधुदुर्गाला मिश्र शिक्षण कोणी नव्याने शिकवायला नको. घर खाली वाडीत आणि रेंज वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळाच्या पठारावर, हे मिश्रण आमच्याकडे निसर्गानेच करून ठेवले आहे. 2020च्या पावसाळ्यात, कोरोनाने शाळा-कॉलेजे बंद असताना, कणकवली तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने जिथे रेंज मिळते त्या डोंगरावर झोपडी उभारली आणि पावसात तिथे बसून अभ्यास केला. बातमी देशभर गेली, जिद्दीचे कौतुक झाले, वर दखल घेतली गेली आणि मग गावात इंटरनेट पोहोचले. प्रक्रिया त्यामुळे सगळ्यांना स्पष्ट झाली. आधी झोपडी, मग बातमी, मग केबल. बाकीच्या वाड्यांनी झोपड्या बांधायला घेतल्या नाहीत, ही त्यांचीच हयगय.

त्या वर्षी सड्यावर भरणारा तास साधारण असा असे:

“बाई, माझो आवाज येता?”

“येता रे, पण तू दिसणस नाय. खय बसलंस?”

“काजीखाली. बाई, फळो दिसणा नाय.”

“ऱ्हवांदे फळो. वीज चमकता, आधी घराक जा.”

एवढ्यात त्या दिवसाचे ऑनलाईन शिक्षण संपे. यातले शेवटचे वाक्य शैक्षणिकदृष्ट्या सर्वांत मोलाचे होते, पण ते कोणत्याही अ‍ॅपमध्ये भरलेले नव्हते. ते बाईंना आपणहून सुचले.

पडद्यावरून शिकवण्याची दूरदृष्टी मात्र राज्याकडे फार जुनी आहे. शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम तयार करायला पुण्यात 1984मध्ये बालचित्रवाणी ही संस्था स्थापन झाली. दूरदर्शनवर ते कार्यक्रम पाहत एक पिढी मोठी झाली. 2017मध्ये सरकारने संस्थेला कुलूप लावले. पुढे तीनच वर्षांत शाळांना कुलूप लागले आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ठेवण्यासाठी मुलांना पुन्हा टीव्हीसमोर बसवणे भाग पडले. तेव्हा सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागली, ती एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनच्या पुढाकाराने. मे महिन्यात छत्री भंगारात घालायची आणि मृगाच्या दिवशी शेजाऱ्याकडे मागायला जायचे, ही नियोजनाची पद्धत आपण शिक्षणात पहिल्यांदा आणली.

पडदा वाईट, असे इथे कोणीच म्हणत नाही. देवबागच्या पोराला भरती-ओहोटी शिकवावी लागत नाही. ती त्याच्या अंगणापर्यंत येते. पण चंद्राचा त्यात काय हात आहे, हे खडूने काढलेल्या दोन वर्तुळांपेक्षा हलत्या चित्रात लवकर कळते. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करावा, चित्र बघावे आणि नंतर मुलांना कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे नेऊन “आता सांगा बघू, पाणी उलटे का फिरले?” असे विचारावे. मिश्र शिक्षण ते हेच. फक्त त्यात मुलांना वाळूतून नेणारा, प्रश्न विचारणारा आणि परत येताना डोकी मोजणारा असा एक माणूस लागतो.

तो माणूस सध्या ऑनलाईन आहे. मुलांची हजेरी ऑनलाईन, पोषण आहाराची रोजची नोंद ऑनलाईन, यू-डायसची माहिती ऑनलाईन, झाड लावले तर फोटो ऑनलाईन आणि तेच झाड मेले तरी प्रशिक्षण ऑनलाईन. शाळेत रेंज नसली की गुरुजी फोन घेऊन सड्यावर जातात आणि एकशिक्षकी शाळा असेल तर तेवढा वेळ शाळा शून्यशिक्षकी होते. कॉलेजच्या मुलांसाठी सांगितलेले 40 टक्के असे शाळेतल्या गुरुजींच्या वाट्याला आले. मुलांच्या वाट्याला काय उरले, ते भरायला पोर्टलवर रकाना नाही.

दुसरा गुरुजी मागावा, तर जिल्ह्यात रिक्त जागांची ओरड नेहमीचीच. आंतरजिल्हा बदली झाली की शिक्षक आपल्या गावाकडे जातात, त्यात त्यांची चूक नाही. इकडे डीएड होऊन बसलेली आपलीच मुले ओरोसला जिल्हा मुख्यालयासमोर आंदोलने करतात. म्हणजे शिक्षक नसलेल्या शाळा आणि शाळा नसलेले शिक्षक एकाच जिल्ह्यात नांदतात. या दोहोंचे मिश्रण करण्याचा मसुदा मात्र अजून कोणी काढलेला नाही.

वर तक्रार करायलाही जागा नाही. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो. पहिल्या आलेल्या मुलाला दप्तर आहे की नाही, हे आपल्याकडे कोण विचारतो?

शिक्षण हक्क कायदा मात्र याबाबत अगदी जुन्या वळणाचा आहे. प्राथमिक शाळेत मुले 60 पर्यंत असली तरी शिक्षक दोन हवेत, असे तो 2009पासून सांगतो. टॅबला किंवा अ‍ॅपला तो शिक्षक मानत नाही. निदान अजून तरी. तेव्हा पालकहो, शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेत नव्या टॅबचे उद्घाटन कोणाच्या हस्ते करायचे हा विषय निघाला, तर नारळ फोडण्याआधी एकच विचारा: दुसरे गुरुजी कधी येणार? उत्तर लेखी घ्या. ऑनलाईन नको.