बेरीज बरोबर, माणसं चुकीची

पर्यटनाच्या धंद्यात कसे आलात, असं विचारलं की आमचे व्यवसायबंधू डोळे अर्धवट मिटून हिमालयातल्या पहिल्या सूर्योदयाबद्दल बोलू लागतात. माझी पात्रता वेगळी आहे. मला कशेडी घाटात गाडी लागायची.

कोकण रेल्वे १९९८ साली सलग धावू लागली. त्याआधी मुंबईच्या चाकरमान्याला मे महिन्यात गाव गाठायचं तर भिस्त लाल एसटीवर. आमचं अख्खं खटलं रत्नागिरी गाडीने निघायचं. डेपोत शिरताच आजोबा मोजणी सुरू करत. वळकट्या, ट्रंका, फिरकीचा तांब्या आणि आम्ही पोरं, सगळ्यांची गणना ‘डाग’ या एकाच सदरात. प्रत्येक थांब्यावर फेरमोजणी. एकदा माणगावला बेरीज चोख आली, कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी निघाली. स्टँडच्या फाटकाशी कळलं की आमचा चुलतभाऊ कँटीनमध्ये वडा खातोय आणि त्याच्या जागी मागच्या बाकावरच्या बाईंचा मुलगा मोजला गेलाय. त्या मुलाचीही काही तक्रार नव्हती, कारण आमच्याकडे गुळपापडी होती.

बेरीज बरोबर आली म्हणजे माणसं बरोबर आली असं नव्हे, हा धडा पर्यटनाच्या कुठल्याही डिप्लोमात नाही. आज युरोपात टूर मॅनेजर म्हणून बसच्या दारात उभा राहतो, तेव्हा मी आधी डोकी मोजतो आणि मग चेहरे बघतो.

खानपान विभाग आईकडे. तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा वडखळ येईपर्यंत उघडायचा नाही, कारण पनवेलला उघडला तर महाडला उपास. घाटाआधी पोटात फक्त आवळासुपारी. आल्प्सच्या वळणांवर मी तीच वाटतो. स्वित्झर्लंडला नावाजलेली औषधं मिळतात. मंडळींचा विश्वास आवळासुपारीवरच.

खिडकीच्या भांडणाचा निवाडा वडील करत. पनवेल ते वडखळ थोरला, वडखळ ते माणगाव धाकटी. घाटात मात्र खिडकी माझी; कारण सांगायला नकोच. या पद्धतीला आता ‘सीट रोटेशन’ म्हणतात आणि निवृत्त प्राचार्यसुद्धा पहिल्या रांगेसाठी आत्याच्या तोडीचं भांडतात. ड्रायव्हरचा चहा झाल्याशिवाय गाडी हलत नाही, हेही मी स्टँडवरच शिकलो. युरोपात त्याचा कायदा केलाय: साडेचार तास बस चालवली की पंचेचाळीस मिनिटं विश्रांती सक्तीची. पर्यटक चडफडतात. मी शांत असतो.

लहान वयात नसली, तरी आमच्या धंद्याच्या मूळपुरुषालाही दीक्षा पायपिटीतूनच मिळाली. थॉमस कुक हा इंग्लंडमधला सुतारकाम करणारा, मद्यपानविरोधाचा कट्टर प्रचारक. १८४१ साली सभेसाठी मार्केट हार्बरोहून लेस्टरला चालत जाताना त्याला सुचलं, की माणसं रेल्वेने न्यावीत. ५ जुलैला त्याने सुमारे पाचशे जणांना माणशी एका शिलिंगात लेस्टरहून लफबरोला नेलं. म्हणजे सहलीचा उद्योग जन्मला तो दारू सोडवण्यासाठी. आमची मंडळी पहिल्याच विमानतळावर ड्यूटी फ्रीकडे वळतात, तेव्हा मला कुकची फार दया येते.

आपल्याकडे पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली यज्ञाच्या दक्षिणेसाठी उत्तरेकडे निघाले आणि बंडात सापडले. ‘कार्यक्रमात ऐनवेळी बदल होऊ शकतो’ हे कलम आमच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असतं. गोडसे भटजींनी ते झाशीच्या वेढ्यात राहून अनुभवलं.

या सगळ्यातून माझा एक सिद्धांत तयार झालाय. सहलीचं यश स्थळावर अवलंबून नसतं. युंगफ्राऊयोख ३,४५४ मीटरवर आहे, समोर ‘आलेच’ नावाची हिमनदी पसरलेली असते. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून चिवड्याचं बंद पाकीट टम्म फुगतं. निम्मी मंडळी हिमनदीकडे पाठ करून पाकिटाचे फोटो काढतात आणि उरलेली विचारतात, ‘‘अहो, चहा कुठे मिळेल? आणि ‘ते’ कुठे आहे?’’ या दोन प्रश्नांची उत्तरं ज्याला तत्काळ देता येतात तो टूर मॅनेजर. हिमनदीची माहिती भिंतीवर लिहिलेली असते.

तेव्हा पालकांनो, मुलाला पर्यटनक्षेत्रात घालायचं असेल तर कॉलेजची फी भरण्याआधी एकदा भर मे महिन्यात, आरक्षणाशिवाय, दोन आत्या आणि एक आजोबा सोबत देऊन त्याला एसटीने गावी धाडा. परत आल्यावर ‘‘पुन्हा कधी जायचं?’’ म्हणाला, तर खुशाल फी भरा. नाही म्हणाला, तर बँकेच्या परीक्षेचा अर्ज आणा.