अव्वल कारकुनाचा रणगाडा

अणदूरच्या माणसाला मुदत आणि करार यांचे माहात्म्य निराळे शिकवावे लागत नाही. कारण त्याचा खंडोबाच मुळी वर्षातले सुमारे सव्वादहा महिने अणदुरास आणि उरलेले पावणेदोन नळदुर्गाजवळच्या मैलारपुरास राहतो, व त्याच्या जाण्यायेण्याचा लेखी करार रीतसर होतो. अशा गावी जन्मून ज्याने उभी हयात महसुली दप्तरात घालवली, तो निवृत्त अव्वल कारकून उतारवयात एखाद्या छंदाला लागला, म्हणजे त्या छंदाचीच कचेरी होते.

अण्णा हे असेच एक अव्वल कारकून. पुण्याच्या नातवाने शेर्मन रणगाड्याची प्लास्टिकची प्रतिकृती पाठवली, तेव्हा अण्णांनी पेटी फोडण्यापूर्वी जेवणाचे टेबल, देव मैलारपुरास गेल्यापासून परत येईपर्यंतच्या बोलीने, पत्नीकडून लिहून घेतले. मग प्रत्येक सुटा भाग सूचनापत्रकाशी रुजुवात घालून नोंदवहीत चढवला. सुमारे तीस टनांचे हे धूड 35 पट आक्रसले की जेमतेम 17 सेंटिमीटर उरते, हे त्यांनी फूटपट्टी लावून पडताळले आणि मापात तफावत नसल्याचा दाखला स्वतःच स्वतःला दिला.

खरा खटला उभा राहिला तो रंगावर. पेटीवरील चित्रात रणगाडा हिरवा होता. परंतु हैदराबाद संस्थानाविरुद्धच्या कारवाईत 13 सप्टेंबर 1948 रोजी सोलापूरहून निघालेले भारतीय सैन्य नळदुर्गावर चालून गेले ते अणदूरच्याच वाटेने, आणि त्या काळच्या आपल्या चिलखती दळात शेर्मन रणगाडेही होते, तेव्हा स्थानिक चौकशीवाचून परदेशी कारखान्याचे चित्र ग्राह्य कसे धरावे? अण्णांनी गावातील वृद्धांच्या जबान्या घेतल्या. पहिल्याने रंग हिरवा सांगितला, दुसऱ्याने चिखलाचा, आणि तिसऱ्याने, आपण त्या दिवशी कणगीमागे लपलो असल्यामुळे नुसता आवाज ऐकला, असे लिहून दिले. जितके ठाऊक तितकेच बोलला म्हणून अण्णांनी हा तिसरा साक्षीदार सर्वांत विश्वसनीय ठरवला, आणि रंगाचा प्रश्न होता तिथेच राहिला.

अखेर हिरव्यावर चिखल, अशी तडजोड मंजूर झाली. पातळ रंगाचे अनेक हात द्यावेत आणि प्रत्येक हात वाळू द्यावा, हा या कलेचा पहिला नियम. पण आयुष्यभर एकाच फटक्यात ठसठशीत शेरा मारलेल्या हाताला तो मानवेना, आणि पहिल्याच दाट लेपाखाली समोरचे सारे बोल्ट गडप झाले. उलटपक्षी, झाकण बसल्यावर जो पुन्हा कोणाच्याही दृष्टीस पडणार नव्हता, तो अंतर्भाग मात्र अण्णांनी पांढरा स्वच्छ रंगवला. तपासणी अधिकारी दप्तर कुठून उघडील याचा नेम नसतो. पट्ट्यांना शेतातली काळी माती वस्त्रगाळ करून लावली, आणि ती कोणत्या गट क्रमांकातली हेही नोंदवले.

इतक्यात देव परतले. मिरवणुकीतला भंडारा खिडकीतून उडून, ताटात वाळत ठेवलेल्या रणगाड्याच्या ओल्या बुरुजावर बसला. अण्णांनी तो पुसला नाही. 'दैवी हस्तक्षेप, कायम ठेवावा' असा शेरा लिहून टेबलाच्या मुदतवाढीचा अर्ज स्वयंपाकघरात गुदरला. घटकाभराने तो परत आला. खाली लिहिले होते: 'नामंजूर. देवाने मुदत पाळली आहे. रणगाडा ओला असल्यास ताटासह उचलावा.'

अण्णांनी हुकूम दोनदा वाचला. त्यात एक अक्षर अधिक नव्हते की उणे नव्हते. खाली 'तामील झाली' असे लिहून त्यांनी ताट उचलले, आणि असे निर्दोष मसुदे लिहिणारी व्यक्ती घरातच असता आपण नोकरीभर रात्री जागून ते स्वतः का लिहीत बसलो, या विचारात ते बराच वेळ उभे राहिले.