९९९९ खेळ, त्यातले आठ

जुन्या गेमची मूळ पेटी, आतली पुस्तिका, ते छापील नकाशे आता कुठे मिळणार, म्हणून पुण्या-मुंबईचे संग्राहक हळहळतात. कर्नाटकातल्या भालकी, औराद, आळंदची मंडळी यावर नुसती मान हलवतात. पेटी पाहिलीये कुणी? इकडे हैदराबाद किंवा सोलापूरहून यायचं ते निंटेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल केलेलं यंत्र आणि सोबत पिवळी कॅसेट. स्टिकरवर ‘९९९९ इन १’. आत कॉन्ट्रा, मारिओ, रणगाडे, बदकं असे आठेक खेळ; पुढच्या पानांवर पुन्हा तेच, फक्त नाव बदललेलं. बोर्ड परीक्षेत पास होईल असा हिशेब नव्हता, पण कॅसेट फुंकून बसवली की चालायची. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून.

माल नकली, हे कबूल. पण तो रात्रीतून कुणी परत नेत नसे.

आता रीतसर पैसे मोजलेल्यांचं बघा. युबिसॉफ्ट कंपनीनं ‘द क्रू’ या इंटरनेटशिवाय न चालणाऱ्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ला बंद केले; डाउनलोडवाले बुडालेच, हौसेनं डिस्क घेतलेलेही बुडाले. मग कॅलिफोर्नियानं कायदा केला, २०२५पासून लागू: डाउनलोडवर ‘विकत घ्या’ असं लिहायचं तर हा नुसता परवाना आहे, हेही सांगा. सांगा, एवढंच. बंद करू नका असं नव्हे.

पेटीवाल्यांनी मात्र पक्का बंदोबस्त केलाय. ‘सुपर मारिओ ६४’ची सीलबंद पेटी जुलै २०२१मध्ये लिलावात १५.६ लाख डॉलरला गेली. सील फोडलं की भाव पडतो, तेव्हा खेळायचा प्रश्नच नाही.