वाकडची मगर

वाकडमधल्या कुठल्याही सोसायटीत चार माणसं हमखास सापडतात. टँकरच्या फेऱ्यांचा हिशेब तोंडपाठ असलेले सेक्रेटरी, पार्किंगच्या पिवळ्या रेषेवरून भांडणारे एक गृहस्थ, पहाटे पाचला ग्रुपवर सुप्रभात टाकणारे आजोबा आणि विणणाऱ्या काकू. पहिल्या तिघांवर पुष्कळ लिहून झालंय. काकूंवर कुणी लिहीत नाही, कारण लिहिणाऱ्याच्या घरात त्यांनी विणलेलं काहीतरी असतंच, आणि ते वापरात आहे की नाही हे बघायला त्या कधीही बेल वाजवू शकतात.

आता विणणाऱ्या बायका पुष्कळ असतात. त्या आधी वस्तू ठरवतात. नातवाला टोपी हवी, मग लोकर, मग टाका. आमच्या बी विंगच्या काकूंचं सगळं उलटं. त्यांना आधी टाका भेटतो. मग तो घालायचा कुठे याचा शोध सुरू होतो, आणि त्या शोधात समोर येईल तो सापडतो. वॉचमनच्या पाण्याच्या बाटलीपासून माझ्या गाडीच्या स्टिअरिंगपर्यंत काहीही.

त्यांच्या आईच्या पिढीचं क्रोशाकाम सपाट होतं. चौकटीच्या कागदावर मोर, हंस नाहीतर ‘सुस्वागतम्’ आखायचं. भरलेला चौकोन म्हणजे खांब, रिकामा म्हणजे साखळी. पांढऱ्या दोऱ्याची ती जाळी आधी रेडिओवर पसरली, मग टीव्हीवर, मग फ्रिजवर. टीव्ही भिंतीला चिकटला आणि रुमालाला बसायला जागाच उरली नाही. काकूंना हे सगळं येतं, पण त्यात त्यांचं मन रमत नाही. “सपाट काय, कुणीही विणेल. हात फिरवल्यावर बोटांना लागलं पाहिजे,” असं त्यांचं मत. रोज भूमकर चौकातल्या उंचसखल रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या वस्तीत राहून एखाद्याला उंचवट्यांचं एवढं कौतुक कसं वाटू शकतं, हे मला अजून कळलेलं नाही.

या उंचवट्यांतही प्रकार आहेत आणि त्यांत गल्लत केलेली काकूंना खपत नाही. बॉबल म्हणजे एकाच घरात पाच खांब घ्यायचे, पण पाचही अर्धवट सोडायचे आणि शेवटी सुईवरचे सगळे फास एका दमात ओढून घ्यायचे. पॉपकॉर्नमध्ये पाचही खांब पुरे करायचे, सुई काढायची, पहिल्या खांबाच्या डोक्यात घालायची आणि सुटलेला फास त्यातून ओढायचा. बॉबल उलट्या बाजूच्या ओळीत घातला की सुलट्या बाजूला टपोरा येतो. मला हे कसं माहीत? आमची लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबते.

पॉपकॉर्नच्या महिन्यात संक्रांत आली. काकूंनी वाण म्हणून सगळ्या बायकांना कपाखाली ठेवायच्या चकत्या दिल्या. एकेका चकतीवर टपोऱ्या पॉपकॉर्नची तीन वर्तुळं. दिसायला देखणी चीज, यात वाद नाही. त्यावर भरलेला कप ठेवला की तो क्षणभर विचार करतो आणि मग सावकाश एका बाजूला कलतो. आमच्या मजल्यावर त्या आठवड्यात चार घरांतले सोफे धुवायला गेले. कुणी काही बोललं नाही. हळदीकुंकवाच्या वाणाला नावं ठेवत नाहीत. पलीकडच्या नागपूरच्या वहिनींनी तेवढी ती चकती तव्याखाली सरकवली आणि सांगितलं, “काकू, मस्त आहे बरं का, रोज वापरतो आम्ही.” त्या कौतुकानं काकूंनी त्यांना आणखी सहा दिल्या.

मग मगर आली.

क्रोकोडाइल स्टिच नावाचा टाका आहे. एकावर एक चढलेली खवलं, मगरीच्या पाठीवर असतात तशी. काकूंना तो एका व्हिडिओत दिसला. शिकवणारी बाई पोर्तुगीजमध्ये बोलत होती. “तुम्हाला कळतं का?” मी विचारलं. “ती बोलते पोर्तुगीज. तिचे हात मराठीतच चालतात,” काकू म्हणाल्या आणि व्हिडिओ निम्म्या वेगावर टाकला.

टाका खरोखर चमत्कारिक आहे. आधी साधी चौकट विणायची, दोन खांबांची जोडी, मधे साखळ्या, पुन्हा जोडी. इथवर कुणालाही जमेल. मग पुढच्या ओळीत वर न चढता काम आडवं वळवायचं आणि जोडीतल्या एका खांबाच्या अंगावरच, वरून खाली, पाच खांब घालायचे. तळाशी एक साखळी. मग काम उलटं फिरवून दुसऱ्या खांबावर खालून वर पाच. झालं एक खवलं. शेजारची जोडी तशीच सोडायची, तिच्या पुढच्या जोडीवर दुसरं खवलं. वरच्या फेरीत खवलं मधल्या जागी, कौलांसारखी. पहिल्या दिवशी काकूंना काम फिरवणं जमेना, म्हणून त्या स्वतःच फिरत होत्या. क्लब हाउसच्या बाकावर आधी डावीकडे तोंड, मग उजवीकडे. जॉगिंग करणाऱ्या तरुणांना वाटलं, हा मणक्याचा व्यायाम आहे. दोघांनी करून पाहिला.

काका चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात, क्वालिटी विभागात आयुष्य काढून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा सरसावून एक खवलं पाहिलं आणि तोच प्रश्न विचारला जो पिंपरी-चिंचवडचा कुठलाही माणूस विचारेल. “याचं मशीन नाही का?”

नाही. हे ऐकून काका हादरले. स्वेटर यंत्रावर निघतात, क्रोशासारखी दिसणारी जाळीही यंत्रावर निघते. पण मागच्या कुठल्याही घरात सुई खुपसून, पुऱ्या झालेल्या खांबाला वळसा घालत जाणारा खरा क्रोशा विणून देणारं यंत्र बाजारात मिळत नाही. ज्या माणसाने रोबोटला वेल्डिंग करताना पाहिलंय, त्याला हे पटेना. काका फूटपट्टी घेऊन बसले. रात्री उशिरापर्यंत त्यांनी वहीत एक फिक्श्चर काढलं. सकाळी काकूंनी विचारलं, “अहो, यात काम फिरवणार कोण?” वही बंद झाली. तेव्हापासून काका शेजारी बसून खवल्यांची वेळ मोजतात. काकूंना ते खपतं, कारण त्या निमित्ताने लोकरीचा गुंडा त्यांच्या मांडीवर राहतो आणि घरंगळत नाही.

खवल्यांना लोकर लागते राक्षसासारखी, कारण प्रत्येक ओळीवर दुसरी ओळ पांघरलेली. अर्ध्यात लोकर संपली. काकू तुळशीबागेत गेल्या, शेड नंबर तोच मिळाला, पण लॉट वेगळा. हिरवा तोच आणि तरी तो नव्हे. इथे मात्र काका एकदम जिवंत झाले. “लॉट मिसमॅच? रिजेक्ट!” चाळीस वर्षांत घरात पहिल्यांदा त्यांच्या शिक्षणाचा उपयोग होत होता. “रिजेक्ट कसलं,” काकू म्हणाल्या, “शेपटीला घालीन.”

शेपटी म्हणजे, वस्तू एव्हाना ठरली होती. ए विंगमधल्या लातूरच्या जोडप्याला मुलगा झाला होता. त्याच्यासाठी मगर. बाळाला आत घालायची पिशवी, डोक्यावर जबडा, मागे शेपटी. ती पुरी झाली चैत्रात. ज्या उन्हात इथल्या म्हातोबाच्या जत्रेत बगाड निघतं, त्या उन्हात बारसं. पिशवीचा पाया लोकरीचा, त्यावर खवल्यांचा दुसरा थर. बाळाच्या आईने पिशवी हातात घेतली आणि नकळत दुसरा हातही लावला. “किती गोड, काकू!” मग हॉलचा एसी अठरावर लावला, दारं लावली, बाळाला आत सरकवलं, चौघांनी फोटो काढले, बाळाला बाहेर काढलं. पाहुण्यांनी शाली मागितल्या. पण फोटो असा आला की सांगता सोय नाही. तो लातूरला, तिथून पुढे कुठे कुठे गेला, आणि काकूंना मगरींच्या ऑर्डरी यायला लागल्या.

काकांनी लगेच वेळेच्या हिशेबाने मजुरी काढली. आकडा पाहून काकू म्हणाल्या, “एवढे कोण देईल?” आणि लोकरीच्या पैशांतच मगर देऊन टाकली. अख्ख्या देशात या कामाचं मोल उशिराच कळतं. आंध्रातल्या नरसापूरच्या बायका एकोणिसाव्या शतकापासून क्रोशाची लेस विणतायत. त्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं ते 2024 मध्ये. ही बातमी मीच काकूंना सांगितली, आणि ते करायला नको होतं. “पुणेरी पगडीला मिळालंय ना ते?” मिळालंय, 2009 मध्ये. “मग वाकडच्या मगरीला काय झालं?” विषय बदलावा म्हणून मी सांगितलं की 2016 मध्ये चेन्नईत बायकांनी मिळून अकरा हजार चौरस मीटरांहून मोठं क्रोशाचं पांघरूण जोडून गिनीज विक्रम केला. काकूंनी सुई थांबवली. थोडा वेळ मनात मापं घेतली. मग म्हणाल्या, “सपाट विणलं असणार.”

गेल्या वार्षिक सभेत विषय होता टँकरचा कंत्राटदार बदलण्याचा. काकू पहिल्या रांगेत, मांडीवर नवी मगर, शेजारी गुंडा धरून काका. दीड तास आरडाओरडा झाला. कंत्राटदार कुणाचा मेव्हणा, पाणी खारं की गोडं, मीटर कोण बघतं. शेवटी सेक्रेटरींनी वहीत मान खुपसून मतदान पुकारलं. “बाजूने किती?”

“एकोणीस,” काकू म्हणाल्या.

सेक्रेटरींनी लिहिलं. “विरोधात?”

काकूंनी ओळ उलटवली. “दोन साखळी.”

त्यांनी दोन लिहिलं. एकोणीस विरुद्ध दोन, ठराव मंजूर. पुढच्या सोमवारपासून टँकर दुसरा येऊ लागला, आणि त्याचं पाणी खरंच बरं आहे. इतिवृत्त नोटीस बोर्डावर लागलंय. त्याच कागदावर वरती हजर सभासदांची संख्या आहे, सतरा.