आपला माणूस

सातबारा अडला, गॅसचा नंबर लागेना, 'देवगिरी'चं तिकीट वेटिंगवर अडकलं; यातलं काहीही कानावर गेलं की आमचे आप्पा डोळे अर्धे मिटतात, तंबाखू या गालातून त्या गालात सरकवतात आणि म्हणतात, "फिकर नको. तिथं आपला माणूस हाय."

असे आप्पा आमच्या परभणी जिल्ह्यात जागोजाग सापडतात. जिंतूरला आहेत, सेलूला आहेत, गंगाखेडला तर दोन असतील आणि त्या दोघांचं एकमेकांशी पटत नसेल. स्वतःला खुर्ची कुठलीच नाही, पण सगळ्या खुर्च्यांची ओळख. 18 मे हा कृषी विद्यापीठाचा वर्धापनदिन. त्या दिवशी खरिपाचं बियाणं विक्रीला निघतं आणि भल्या पहाटे शेतकऱ्यांच्या रांगा लागतात. "रांगेत कशाला मरता? आत आपला माणूस हाय," असं म्हणून आप्पांनी एकदा आम्हाला थेट आत नेलं. आतल्या माणसानं आप्पांना वाकून नमस्कार केला, चहा पाजला आणि रांगेचं शेवटचं टोक दाखवलं. सोयाबीनची बॅग ऊन कलल्यावर मिळाली. पण ती आप्पांमुळे मिळाली, ही बातमी आमच्याआधी घरी पोचली होती. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं बाकीचे हसत म्हणतात. आप्पा गंभीरपणे म्हणतात, कारण त्यांच्या साडूचा भाचा जर्मनीत आहे.

फेब्रुवारीत सय्यद शाह तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो. सगळ्या जातिधर्माची माणसं लोटतात. दर्शन झालं की पाय आपोआप मिठाईकडे आणि तिथून मौत का कुआँ, ब्रेक डान्स, आकाशपाळणे यांच्याकडे वळतात. आम्ही चौघं पाळण्याखाली मान वर करून उभे होतो, तेवढ्यात आप्पा म्हणाले, "चला बसा. पाळणेवाला आपलाच हाय. तिकिटाचं नंतर बघू."

आमच्या चौघांतल्या गुरुजींनी पाळण्याच्या दाराची कडी निरखली. कडीत कुलूप नव्हतं, खिळा होता, आणि तो आतल्या बाजूला वाकवलेला होता. "मी खाली थांबतो, चपला सांभाळतो," असं ते म्हणेपर्यंत आप्पांनी त्यांना दंडाला धरून आत कोंबलं.

दोन फेरे झकास झाले. तिसऱ्याला खाली काहीतरी फटकन वाजलं, बेल्ट निसटला आणि चाक थांबलं. आम्ही अर्थातच सगळ्यात वर.

"काय बी होत न्हाई," आप्पा म्हणाले आणि मोबाईल काढला. पहिला फोन वायरमनला. तो मानवतला लग्नात होता. मागच्या बँडमुळे त्याला 'पाळणा' एवढंच ऐकू आलं आणि त्यानं अभिनंदन केलं. दुसरा नगरसेवकाच्या माणसाला. तो म्हणाला, "आप्पा, काय काम हाय ते व्हॉट्सॲपवर टाका, साहेबांच्या कानावर घालतो." तिसरा खुद्द पाळणेवाल्याला. त्यानं पाळण्याचा धंदा कधीच सोडला होता. आता पूर्णेला वडापावची गाडी लावत होता. "या कधी इकडं," असं त्यानं अगत्यानं सांगितलं.

गुरुजींना भीती वाटली की सामान्यज्ञान सुचतं. डोळे गच्च मिटून ते बोलू लागले, "जॉर्ज फेरिसनं 1893 साली शिकागोत असलं पहिलं अवाढव्य चाक उभं केलं. 264 फूट उंच. 36 डबे. एकेका डब्यात 60 माणसं." मी मनात हिशेब केला. 60 माणसांत एक आप्पा निघतोच. म्हणजे तिथं एका वेळी 36 आप्पा अधांतरी फिरत असणार आणि प्रत्येकजण सांगत असणार, फेरिस आपला माणूस हाय.

आप्पांनी तंबाखूची डबी उघडली. चुना अंगठ्यावर घेतला, पण तो तळहातावर काही पोचेना. सदऱ्याच्या खिशावर, गुरुजींच्या टोपीवर, सगळीकडे पडला. हात कापतोय हे आम्ही पाहिलं आणि आम्ही पाहिलं हे त्यांनी पाहिलं. "वारं लई हाय," ते म्हणाले. वारं अजिबात नव्हतं. खाली मात्र निम्मा उरूस आमच्याकडे मोबाईल रोखून उभा होता.

तोडगा अखेर पाळण्यावरच्या एका किडकिडीत पोरानं काढला. त्यानं खालचे पाळणे रिकामे केले. तळ हलका झाला, वरची बाजू जड पडली आणि चाक आपणहून कलायला लागलं. चार पोरं लोखंडी आऱ्यांना लोंबकळून ते बेताबेतानं सोडत राहिली.

"काका, तुमच्या वजनानंच आला बघा पाळणा खाली," खिळा सरळ करत ते पोरगं म्हणालं.

आप्पांच्या चेहऱ्यावर गेलेलं रक्त परत आलं. "ऐकलं का?" ते आम्हाला म्हणाले. मग पोराच्या खांद्यावर हात टाकून चौकशी सुरू झाली. गाव कोणतं? पालम. पालमात कोणाचा? मामा कुठले? मावशी कुठं दिली? पाच मिनिटांत त्याची मावशी आप्पांच्या मेव्हण्याच्या सासरकडून चुलत विहीण निघाली. आप्पांनी नंबर घेतला, पाठीवर थाप दिली आणि निघाले.

"काका," मागून पोरगं म्हणालं, "चार तिकिटांचे पैसे राहिले."

आप्पांनी खिसे चाचपले, चुना झटकला आणि शांतपणे गुरुजींकडे पाहिलं.